दोनदा जोडलेला टर्बो

मित्रांनो, गाडीचे बॉनेट उघडून वरून पाहिलेत तर मी तुम्हांला दिसणार नाही. इंजिनाच्या मागच्या अंगाला, नळ्यांच्या गर्दीत हात घालावा लागतो, आणि त्याआधी इंजिन गार झाले आहे ना, याची खात्री करावी लागते. मी एक जुना टर्बो आहे. दिसायला पाठीला पाठ लावून बसलेल्या दोन गोगलगायींसारखा. एके काळी माझा रंग राखाडी होता. आता गंजाने तांबूस झाला आहे.

माझे काम समजायला अवघड नाही. इंजिनात इंधन जळते आणि गरम धूर बाहेर पडतो. तो वाया जाण्याआधी माझ्या एका चाकावरून जातो आणि ते फिरवतो. त्या चाकाला करंगळीहूनही बारीक असा शाफ्ट आहे. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चाक आहे. ते बाहेरची हवा ओढते, दाबते आणि इंजिनाला पुरवते. भरपूर हवा मिळाली की इंधन नीट जळते आणि लहान इंजिनही मोठी चढण चढते. थोडक्यात, इंजिनाने सोडलेल्या श्वासाच्या जोरावर मी त्याला पुढचा श्वास देतो.

हे करताना माझा शाफ्ट मिनिटाला दीड लाख फेरे घेतो. तुमच्या घरातला पंखा तीनशे-चारशे घेतो, म्हणजे अंदाज येईल. एवढ्या वेगात धातूला धातू टेकला तर दोन्ही खरवडून निघतील. म्हणून शाफ्ट आणि त्याच्याभोवतीचे पितळी बुश यांच्यामध्ये तेलाचा एक थर असतो, केसाच्या जाडीपेक्षाही पातळ. इंजिनाकडून एका नळीने ते तेल सतत येत राहते, मला वंगण देते, माझी उष्णता घेते आणि परत जाते. मी त्या थरावर तरंगतो. तो असेल तर मी आहे.

माझा जन्म भट्टीजवळ झाला. वाळूच्या साच्यात वितळलेले बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतून माझे कवच घडवले गेले. त्यातले मला फारसे आठवत नाही. आठवते ते तोल साधण्याचे टेबल. तिथे कानांवर जाड आवरण घातलेली एक कामगार बाई बसत असे. तिने माझी चाके फिरवली. यंत्राच्या काट्याने सांगितले की एक बाजू किंचित जड आहे. तिने तिथला धातू कणभर घासला, पुन्हा फिरवले, पुन्हा घासला. सात वेळा. मग चाक, शाफ्ट आणि नट या तिघांवरून जाणारी एक बारीक रेघ तिने ओढली. हे तिघे पुढे कधी सुटे झाले, तर याच रेघेवर जुळले पाहिजेत, असा त्या रेघेचा अर्थ. माझ्याकडे इतक्या बारकाईने त्यानंतर बरीच वर्षे कोणी पाहिले नाही.

माझा पहिला मालक जमिनीची मोजणी करणारा होता. तो गाडीचे तेल ठरल्या दिवशी बदलत असे. त्याने निवृत्त झाल्यावर गाडी विकली आणि मी सिस्टरकडे आलो.

सिस्टर म्हणजे घरोघरी जाऊन रुग्णांची शुश्रूषा करणारी परिचारिका. दिवसाला बारा-चौदा घरे. कोणाला इंजेक्शन, कोणाची पट्टी, कोणाची नळी बदलायची. सगळे तिला सिस्टरच म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. तिचा नवरा जहाजावर नोकरीला, सहा-सहा महिने बाहेर. घरी सासू-सासरे. सासऱ्यांनी पन्नास वर्षे घड्याळे दुरुस्त केली. हात थरथरू लागले तसे त्यांनी दुकान बंद केले, पण ओळखीचे लोक त्यांना अजून घड्याळजीच म्हणतात. सासूबाईंचा जीव त्यांच्या स्वयंपाकघरात, आणि जीभ सगळीकडे.

मित्रांनो, गाडी बघायला आलेल्या माणसांनी तिच्या रंगाचे कौतुक केले, सीटचे केले, गाणी ऐकायच्या यंत्राचेही केले. माझे कोणी केले नाही. त्याचे मला वाईट वाटत नसे. शहरामागच्या डोंगरावर एक वस्ती आहे, नऊ किलोमीटरची चढण. तिथे गाडी न दमता पोचली की सिस्टर स्टीअरिंगवर हलकेच थाप मारत असे. त्यातली थोडी माझी होती, असे मी धरून चालत असे.

मात्र सिस्टरची एक सवय होती. ती नेहमी घाईत असे. चढ चढून आलेला मी त्या वेळी निखाऱ्यासारखा तापलेला असायचो. गाडी थांबायची आणि त्याच क्षणी ती चावी फिरवायची, बॅग उचलायची, दार लोटायची आणि धावायची. इंजिन बंद झाले की तेल यायचे थांबते. माझ्या पोटात अडकलेले तेल जागच्या जागी जळून त्याची काजळी होत असे. रोज चिमूटभर. ती तेलाच्या नळीत आतून थरावर थर बसत गेली. त्यात तेल बदलायचा दिवसही पुढे ढकलला जाऊ लागला. रुग्णाची पट्टी बदलायला जिने आयुष्यात कधी एक दिवस उशीर केला नाही, तिने इंजिनाचे तेल बदलायला सात महिने उशीर केला. मला राग नव्हता. ती कोणासाठी धावते हे मला माहीत होते.

त्या वर्षी ती धावत होती करवतकाकांसाठी. डोंगरावरच्या वस्तीत लाकूड कापायची गिरणी आहे. तिथे ते तीस वर्षे करवतीवर होते, म्हणून हे नाव. त्यांना साखरेचा आजार. टाचेवर जखम झाली होती आणि रक्त तिथवर नीट पोचत नसल्यामुळे ती भरत नव्हती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते की आठवड्यातून दोनदा, आठ आठवडे, एकही खाडा न करता जखम साफ होऊन पट्टी बदलली गेली, तर पाऊल वाचेल. मध्ये खंड पडला आणि जखम चिघळली, तर पाऊल कापावे लागेल. काकांना त्या पायावर उभे राहायची मनाई होती. त्यामुळे ते खाली येणे शक्य नव्हते, सिस्टरलाच वर जावे लागे. दर सोमवारी आणि गुरुवारी.

दोन आठवडे झाले होते. तिसऱ्या सोमवारी, डोंगराच्या तिसऱ्या वळणावर, मी मोडलो.

एरवी फिरताना माझ्यातून बारीक शिट्टी निघते. आधी तिचे कण्हणे झाले. झिजलेल्या बुशात शाफ्ट डगमगू लागला आणि चाकाची पाती कवचाला घासली. मागे निळा धूर निघाला. सिस्टरने दुसरा गिअर टाकला, मग पहिला, आणि मग गाडी जागेवरच उभी राहिली. तिने चाकांना दगड लावले, बॅग खांद्याला अडकवली आणि राहिलेला रस्ता ती पायी चढली. पट्टी करून ती परत आली तेव्हा उन्हे कलली होती. गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने दोर बांधून गाडी खाली आणली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने हवेची नळी काढून माझे चाक बोटाने हलवून पाहिले. ते लोंबत होते. गाडी चालवायची नाही, असे त्याने बजावले. माझ्यातून गळणारे तेल इंजिनाने ओढले तर इंजिन तेच तेल जाळत सुटेल आणि चावी काढूनही थांबणार नाही. नवा टर्बो हवा. पण या जातीच्या गाड्या बनायच्या बंद झालेल्या. माल यायला सहा आठवडे. माझीच दुरुस्ती मोठ्या शहरातल्या कारखान्यातून करून आणायची तर चार.

सिस्टरने विचारले की आतले झिजलेले भाग तेवढे मिळतात का. मिळतात, मिस्त्री म्हणाला. बुश, कड्या, पॅकिंग यांचे किट चार दिवसांत येईल. पण ते बसवणे घरचे काम नव्हे.

"सिस्टर, हे काय इंजेक्शन आहे, टोचलं आणि झालं?"

"तुम्ही किट मागवा," ती म्हणाली. "कुठे टोचायचं ते मी बघते."

त्याच दुपारी तिने मुख्य परिचारिकेला फोन केला. पुढच्या फेऱ्यांची यादी सोळा दिवसांनी ठरणार होती. तोपर्यंत सिस्टरने बसने आणि पायी, जमेल तसे वर जावे. पण त्यात अख्खा दिवस मोडतो आणि बाकीची दहा घरे राहतात, तेव्हा सोळा दिवसांत गाडी चालू झाली नाही तर डोंगरावरची वस्ती यादीतून काढावी लागेल. मुख्य परिचारिका कठोर नव्हती. तिच्याकडे माणसेच कमी होती. फोन ठेवल्यावर सिस्टरने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत सोळावा दिवस शोधून त्याभोवती पेन्सिलीने गोल काढला. तो बुधवार होता.

मला गाडीतून सोडवायलाच तीन दिवस गेले. सिस्टर सकाळी अर्धा तास आणि कामावरून आल्यावर तासभर गाडीखाली पडून राही. माझे तीन नट निघाले, चौथा गंजाने जाम झाला होता. ती त्यावर तेल सोडे, हलकेच ठोके आणि वाट पाही. जोर केला तर बोल्ट तुटेल हे तिला कोणी सांगितले नव्हते, पण वाळलेली पट्टी ओढून काढायची नसते, भिजवून काढायची असते, हे तिला चांगले माहीत होते. शुक्रवारी नट सुटला.

मग मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आलो. सासूबाईंनी मला पाहून कपाळाला हात लावला. जेवायचे टेबल की ऑपरेशनचे, ते एकदा ठरवा, म्हणाल्या. त्यांचा सगळ्यात मोठा ट्रे रॉकेलने भरलेला पाहून तर त्यांनी जाहीर केले की मुलगा जहाजावरून आला की त्याला याच ट्रेमध्ये वाढणार, म्हणजे बायको काय करते ते त्याला चवीने कळेल.

घड्याळजी आपले भिंग आणि चिमटे घेऊन समोर बसले. त्यांचे हात रिकामे असताना थरथरत. काही धरले की थांबत. सिस्टरने चाकाच्या नटाला पाना लावला आणि ओढला. नट हलेना. तिने दोन्ही हातांनी जोर लावायची तयारी केली, तेवढ्यात घड्याळजींनी तिचे मनगट धरले. चाक कुठल्या दिशेने फिरते ते त्यांनी पात्यांच्या वळणावरून ओळखले होते. फिरण्याच्या ओघात सुटू नये म्हणून हा नट उलट्या आट्यांचा असणार, ते म्हणाले. घड्याळातही एक स्क्रू असाच उलटा असतो आणि दर नवशिका तो एकदा तरी तोडतो. सिस्टरने पाना उलटा फिरवला. नट लोण्यासारखा सुटला.

आणि त्यांना ती रेघ दिसली. चाक, शाफ्ट आणि नट यांच्यावरून जाणारी, इतक्या वर्षांनी पुसट झालेली. घड्याळजींनी ती भिंगातून टोकापासून टोकापर्यंत पाहिली. मग त्यांनी सिस्टरला ती दाखवली आणि सांगितले की कोणीतरी हे काम मन लावून केले आहे.

शनिवारी किट आले. रविवारभर साफसफाई चालली. सिस्टरने माझा एकेक भाग दाताच्या ब्रशने घासला, दवाखान्यातल्या स्वच्छ गॉझने पुसला आणि पांढऱ्या कापडावर मांडला. जन्मल्यानंतर मी इतका स्वच्छ कधी नव्हतो. तेलाची नळी तिने बाहेरून लख्ख केली. घड्याळजींनी नळीच्या एका टोकाला तोंड लावून फुंकले, दुसऱ्या टोकाशी हवा लागली. नळी मोकळी आहे, असे ठरले.

गुरुवारसारखीच सोमवारीही ती पायी डोंगर चढून आली होती. नऊ किलोमीटर वर, नऊ खाली. टेबलाशी बसून तिने पायातले बूट काढले आणि हसत सांगितले की करवतकाका म्हणाले, माझ्या एका पायासाठी तुम्ही दोन्ही झिजवताय. जखम अजून ओली होती, पण कडा गुलाबी दिसू लागल्या होत्या. गुलाबी म्हणजे चांगले. मग तिने हात धुतले आणि म्हणाली, चला बाबा, जोडू.

घड्याळजींनी मला जोडले. त्या संध्याकाळी त्यांचे हात एकदाही थरथरले नाहीत. बुश जागेवर, कड्या जागेवर, रेघेवर रेघ. किटमधल्या कागदावर लिहिले होते की जोडताना बुशांना तेल द्यावे. घड्याळजींनी आपल्या दुकानातली छोटी बाटली आणली. सुईच्या टोकावर तेलाचा एक थेंब घेतला आणि एका बुशाला लावला. दुसऱ्याला दुसरा. जास्तीचे टिपून घेतले. सिस्टरने मान डोलावली. दवाखान्यातही स्वच्छ म्हणजे कोरडेच.

मित्रांनो, मला बोलता येत नाही. त्या क्षणी येत असते तर किती बरे झाले असते.

मंगळवारी सकाळी मला गाडीत बसवून झाले. घड्याळजी शेडच्या खांबाला धरून उभे. सासूबाई दारात, हातात फडके. सिस्टरने चावी फिरवली.

इंजिन सुरू झाले. धूर माझ्या चाकावर आला आणि मी फिरू लागलो. तेलाची वाट पाहिली. आले नाही. दोन थेंब केव्हाच उडून गेले होते. धातूला धातू लागला आणि माझ्यातून एक किंचाळी निघाली, पाटीवर खिळा ओढावा तशी. सिस्टरने चौथ्याच सेकंदाला इंजिन बंद केले. माणसाच्या ओरडण्यावर आधी हात थांबवायचा आणि मग कारण शोधायचे, ही तिची रोजची शिस्त. त्या शिस्तीने मी वाचलो.

घड्याळजींनी हात पुढे धरून पाहिले. ते थरथरत होते.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "घड्याळात थेंब जास्त झाला की धूळ धरते. पन्नास वर्षं तेल कमी कसं घालायचं तेवढंच शिकलो."

ते नळाकडे वळले. सिस्टर गाडीतून उतरली.

"बाबा, हात धुऊ नका. परत उघडायचं आहे."

ते तसेच उभे राहिले. मग सासूबाईंचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू. "टेबल पुसलेलं आहे. आणि ट्रे तसाही आता कोणी जेवायला घेणार नाही."

दुसऱ्यांदा मला सोडवायला तीन दिवस लागले नाहीत. एका संध्याकाळीच मी पुन्हा टेबलावर होतो. नव्या बुशांवर खोल ओरखडे पडले होते, ते गेलेच. पण शाफ्ट? सगळे शाफ्टवर अवलंबून होते. तो खराब झाला असता तर किट कामाचे नव्हते, आणि सहा आठवडे करवतकाकांच्या टाचेला परवडणारे नव्हते. घड्याळजींनी शाफ्ट भिंगाखाली धरला. एक रेघ होती. त्यांनी डोळे मिटले आणि अंगठ्याचे नख रेघेवरून आडवे फिरवले. एकदा, दोनदा. नख अडकले नाही. नख अडकत नाही तो ओरखडा घासून जातो, त्यांनी सांगितले. सिस्टरने श्वास सोडला. घड्याळाच्या काचा चकचकीत करायच्या लेपाने त्यांनी पुढचे चार दिवस शाफ्ट थोडाथोडा घासला आणि दर वेळी मापून पाहिला. घाई केली नाही. मिस्त्रीला फोन गेला, दुसरे किट निघाले.

सिस्टरला मात्र एक गोष्ट स्वस्थ बसू देईना. तेल कमी लावले होते हे खरे. पण इंजिनाकडून तेल यायला हवे होते. ते का आले नाही? बुधवारी ती माझी तेलाची नळी घेऊन बसली. नळीतून हवा जाते, हे तिला ठाऊक होते. पण हवा पातळ असते. तिने बॅगेतून एक मोठी सिरिंज काढली, तीत इंजिनाचे तेल भरले, रबरी तुकड्याने ती नळीला जोडली आणि दट्ट्या दाबला. अंगठा पांढरा पडेपर्यंत दाबला. दुसऱ्या टोकातून सुताएवढी धार आली, आणि तुटली.

मग लोखंड कापायच्या करवतीने तिने नळी उभी चिरली. आत काळी, दगडासारखी काजळी. मधोमध काडीपेटीतली काडीही जाणार नाही एवढे भोक.

"करवतकाकांच्या पायासारखंच आहे हे," ती घड्याळजींना म्हणाली. "रक्त पोचत नाही तिथे कितीही मलम लावलं तरी भरत नाही. नवं किट घातलं असतं, भरपूर तेल लावलं असतं, तरी हा पुन्हा मेला असता. तुमची चूक अर्धीच होती, बाबा. बाकीची अर्धी या नळीत आहे, आणि ती माझी आहे. तेल बदलायला मीच उशीर केला."

घड्याळजींनी चिरलेल्या नळीतली काजळी चिमट्याने टोकरून पाहिली आणि विचारले, ही होते कशी?

त्याचे उत्तर मिस्त्रीने दिले. रविवारी तो दुसरे किट आणि नवी नळी घेऊन स्वतः आला. घरात टर्बो दोनदा उघडला गेला हे ऐकून त्याला राहवले नव्हते. त्याने घासून गुळगुळीत झालेला माझा शाफ्ट बोटांत फिरवला, उभी चिरलेली नळी पाहिली, सिरिंज पाहिली, आणि त्याच्या चेहऱ्यावरचे हसू जरा कमी झाले. मग त्याची नजर सुईवर आणि तेलाच्या छोट्या बाटलीवर गेली.

"आजोबा," तो म्हणाला, "घड्याळ वास घेतं. हा पितो."

घड्याळजी पहिल्यांदा हसले. या वेळी बुश तेलात बुडवून बसवले गेले. माझ्या पोटात तेल ओतून सिस्टरने चाक हाताने फिरवले, पुन्हा ओतले, पुन्हा फिरवले. टेबलावर तेल सांडले, फडक्यावर, सासूबाईंच्या बाहीवरही. घड्याळजींना ते पाहवत नव्हते. तरी ते पाहत राहिले आणि आणखी ओता म्हणाले. मिस्त्रीने इंजिनातले जुने तेल काढून नवे भरले, गाळणी बदलली, आणि सिस्टरला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की इंधन तोडून ठेवायचे, इंजिन सुरू न करता नुसते फिरवायचे, आणि तेल परत नेणाऱ्या नळीच्या टोकातून ते येताना डोळ्यांनी दिसले की मगच सुरू करायचे. दुसरी गोष्ट त्याने काजळीकडे बोट दाखवून सांगितली. चढ चढून आल्यावर लगेच चावी फिरवायची नाही. इंजिन एक मिनिट तसेच चालू ठेवायचे, म्हणजे वाहते तेल माझी उष्णता घेऊन जाते आणि काजळी धरत नाही.

सिस्टर म्हणाली, माझ्याकडे मिनिट नसते. मिस्त्रीने तिला त्या मिनिटापायी गेलेले तेरा दिवस मोजून दाखवले.

सोमवारी सकाळी, चौदाव्या दिवशी, मी पुन्हा गाडीत होतो. इंजिन सहा वेळा नुसतेच फिरवले गेले. पाचव्या वेळी परतीच्या टोकाशी तेल दिसले. सहाव्या वेळी घड्याळजींनी त्याखाली बोट धरले आणि तेलाने माखलेले बोट सगळ्यांना दाखवले. मग सगळे जोडून सिस्टरने चावी फिरवली.

माझ्यात तेल आले. थर तयार झाला आणि मी त्यावर उचललो गेलो. कुठे काही लागत नव्हते. मी फिरू लागलो, हळू, मग जोरात, आणि माझ्यातून ती जुनी बारीक शिट्टी निघाली. सासूबाईंनी फडके खांद्यावर टाकले आणि म्हणाल्या, एवढ्यासाठी माझा ट्रे गेला होय. डोळे मात्र पुसले.

दहा मिनिटांनी आम्ही डोंगराला लागलो. तिसऱ्या वळणावर सिस्टरने गिअर बदलला आणि श्वास रोखला. मी हवा दिली. जेवढी होती तेवढी सगळी दिली. वळण मागे पडले, मग चौथे, मग सातवे. वस्तीत पोचल्यावर तिने मुख्य परिचारिकेला फोन करून एवढेच सांगितले की मी वर आहे, गाडीने आले आहे. वस्तीचे नाव यादीत राहिले.

त्यानंतर एकही सोमवार चुकला नाही, एकही गुरुवार चुकला नाही. पाचव्या आठवड्यात जखम कोरडी झाली. सातव्यात तिच्यावर कातडी धरली. आठवा आठवडा संपल्यावर डॉक्टरांनी पाऊल तपासले आणि काकांना पुन्हा बूट घालायची परवानगी दिली.

मित्रांनो, मी काही मोठा उपदेश करणार नाही. मी यंत्र आहे आणि मला थोडेच कळते. पण जे कळते ते पक्के कळते. जे तुमच्यासाठी धावते त्याला ठरल्या वेळी तेल द्या. ते दमून थांबले की लगेच पाठ फिरवू नका. मोडले, तर नवे आणण्याआधी ते का मोडले ते शोधा, नाहीतर नवेही तिथेच मोडेल. आणि दुरुस्ती करताना चुकलात, तर हात धुऊ नका.

परवाच्या गुरुवारी आम्ही वर गेलो. पट्टीचे काम उरले नव्हते. सिस्टर सहज पाहायला आली होती. तिने गाडी उभी केली, हाताचा ब्रेक ओढला आणि इंजिन चालू ठेवून बसून राहिली. घराचे दार उघडले आणि करवतकाका काठी टेकत बाहेर आले, दोन्ही पायांत बूट घालून. त्यांनी काचेवर टकटक केली आणि विचारले, रागावलात का, उतरत का नाही?

सिस्टरने काच खाली केली. "एक मिनिट थांबावं लागतं, काका. टर्बो गार होतोय."

"मग मीही थांबतो."

तेल माझ्यातून वाहत होते आणि माझी उष्णता हळूहळू उतरत होती. सिस्टर घड्याळाकडे पाहत नव्हती. ती काकांच्या पायांकडे पाहत होती. ते मिनिट संपेपर्यंत काका गाडीशेजारी सरळ उभे होते, आणि काठी त्यांनी बॉनेटला टेकवून ठेवली होती.